समजा, कुलूप लावलं

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसांत सरांना नावानं कोणी ओळखत नसे. ते ‘कुलूपसर’. तंत्रशाळेत तीस वर्षं त्यांनी पोरांच्या कानीकपाळी एकच गोष्ट ओरडून सांगितली. लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरायच्या आधी मेन स्विच बंद करायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. मग वर कोणी कितीही दीडशहाणा येवो, तुम्ही बाहेर येईपर्यंत लिफ्ट हलायची नाही. “आधी कुलूप, मग माणूस!” पोरं पाठीमागं सरांची नक्कल करायची, आणि नोकरीला लागली की तीच पोरं नव्या माणसांना तेच वाक्य दटावून ऐकवायची.

सरांना सगळ्यांत जास्त मानायचा तो सलूनवाला. त्याचं पोरगं दोनदा नापास होऊन घरात बसलं होतं. सरांनी त्याला अक्षरशः बखोटीला धरून वर्गात आणलं आणि दोन वर्षांत मिळवतं केलं. “जन्म आम्ही दिला, सर, पण पोरगं उभं केलंत तुम्ही,” असं सलूनवाला भरल्या दुकानात म्हणायचा. सर वरवर “पुरे हो” म्हणायचे, पण आतून सुखावायचे. का नाही सुखावणार?

आता जे सांगायला नको वाटतं ते सांगतो. शाळेतलं सरावाचं कुलूप आठ वर्षांपूर्वी हरवलं. सरांनी स्टोअरकीपरकडे नवं मागितलं. तो म्हणाला, जुनं जमा करा, नवं घेऊन जा. अहो, हरवलेलं जमा कुठून करणार? झालं, दोघांची जुंपली. अर्ज गेले, स्मरणपत्रं गेली. सर हट्टाला पेटले: शाळेची वस्तू शाळेनंच द्यायला हवी, मी पदरचं आणणार नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात खिळ्यांशेजारी कुलपं टांगलेली होती! पण सुंभ जळला तरी पीळ जाईल तर शपथ.

तोवर वर्गात काय करायचं? तोवर स्विच बंद करायचा, स्विचपाशी रिकामाच हात फिरवायचा आणि मोठ्यानं ओरडायचं, “कुलूप लावलं!” सर म्हणायचे, “समजा, लावलं. उतर खाली.” हे ‘तोवर’ आठ वर्षं चाललं. पुढे पुढे सरांना त्यात काही वावगंही वाटेनासं झालं.

सलूनवाल्याचा मुलगा याच आठ वर्षांतला. एका सहा मजली इमारतीत तो खड्ड्यात काम करत असताना लिफ्ट खाली आली. त्याला बाहेर काढायलाच दोन तास लागले.

कंपनीनं चौकशी लावली. चौकशीच्या सकाळी सलूनवाला सरांच्या दारात येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर. “सर, ते लिहिणार आहेत की पोरगा स्वतःच्या निष्काळजीपणानं मेला. मला दुसरं काही नको. माझं पोरगं बेफिकीर नव्हतं, एवढंच सांगा. तुमच्या शब्दाला वजन आहे.”

“सांगतो. चला,” सर म्हणाले. मनात म्हणाले, एवढं तर छातीठोक सांगता येईल.

चौकशीच्या खोलीत एक लांब टेबल आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. चौकशी अधिकारी सरांचा जुना विद्यार्थी. त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीतलं कुलूप टेबलावर ठेवलं. कंपनीनं दिलेलं, नवं कोरं, किल्ली तशीच बांधलेली. मेलेल्याच्या हत्यारांच्या थैलीत सापडलं होतं.

मग त्या दिवशी मुलाबरोबर कामावर असलेला जोडीदार बोलायला उठला. तोही सरांच्याच हाताखाली, त्याच वर्गात शिकलेला. “मी पाठमोरा होतो. तो ‘कुलूप लावलं’ असं ओरडला आणि उतरला. मी सामान आणायला गेलो. परत येऊन बघतो तर स्विचला कुलूप नाही. मला वाटलं, काढलं असेल, वर आला असेल. म्हणून स्विच...” त्यानं हातानंच स्विच चालू केल्याची खूण केली.

सरांनी टेबलावरच्या कोऱ्या कुलपाकडे बघितलं. ओरडला आणि उतरला! अगदी वर्गात करायचा तसं.

ते उठले. “लिहून घ्या. चूक त्याची नाही, माझी आहे. आठ वर्षं मी कुलपाशिवाय शिकवलं. नुसतं ओरडायला शिकवलं. त्यानं मी शिकवलं तेच केलं.”

मग अधिकाऱ्यानं पुढे येऊन सरांना हात धरून बसवलं. त्याचे डोळे भरून आले होते. “सर, विद्यार्थ्याची चूक अशी अंगावर घ्यायला काळीज लागतं. आम्हाला कुलूप तुम्हीच लावायला शिकवलंत. तुम्ही ते दोनदोनदा ओढून बघायचात.”

“अरे, तेव्हा कुलूप होतं! ह्याला विचार, हा त्याच वर्गातला.”

जोडीदारानं मान खाली घातली. “सर नेहमी कुलूप लावायलाच सांगायचे,” तो पुटपुटला. “सरांच्या शिकवण्यात कधीच खोट नव्हती.”

देवा रे! कोणत्या तोंडानं त्याला खोटं पाडायचं? तो मान राखत होता. सर टेबलावर हात आपटून पुन्हापुन्हा तेच सांगत राहिले, आणि जितकं सांगत गेले तितकी माणसं हळवी होत गेली. शेवटी अधिकाऱ्यानं कागदावर लिहिलं: ‘मृताचा स्वतःचा निष्काळजीपणा’. सर जायला निघाले तेव्हा सगळी खोली उठून उभी राहिली. सलूनवाला तेवढा बसून राहिला.

सर त्याच्यापुढे जाऊन थांबले.

“पोरगं घरी दाराशी उभं राहून असंच करायचं,” सलूनवाला खाली बघत म्हणाला. “रिकामा हात फिरवायचं आणि ओरडायचं. आम्ही दोघं हसायचो.” मग त्यानं वर बघितलं. “इथं कोणाला पटलं नाही, सर. मला पटलं. आता घरी चला आणि त्याच्या आईला सांगा. सकाळी निघताना ती म्हणाली, सर आहेत ना, मग काळजी नाही.”