कोरी वीट

एप्रिलच्या तिरप्या उन्हात, ताज्या कापलेल्या गवताच्या गंधात परतलेल्या कांद्याचा वास मिसळला, की अजूनही वाटतं, समीर स्टेडियमच्या पायऱ्या उतरत येईल. समीर माझा मुलगा. एकोणिसाव्या वर्षी फ्रीवेवरच्या अपघातात गेला, त्याला आता पंचवीस वर्षं झाली. ज्या बेसबॉल स्टेडियमवर त्याचा जीव होता, तेही पाडलं. तिथे आता गाड्या उभ्या असतात आणि शेजारी काचेचं, पोलादाचं नवं स्टेडियम निर्विकार झळकतं.

जुन्या स्टेडियमच्या दारासमोरच्या फरसबंदीत चाहत्यांची नावं कोरलेल्या विटा बसवत. समीर गेल्यावर त्याच्या नावाची वीट बसवावी म्हणून ह्यांनी अर्ज भरला, आणि मी, संस्कृतीची स्वयंघोषित राखणदारीण, उसळले, "माझ्या लेकाच्या नावावर लोक बूट घालून चालणार?"

"अगं, देवळाच्या फरशीवर माझ्या आजोबांचं नाव आहेच की."

"तिथे चपला काढून येतात!"

वादात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. अर्ज मागे घेतला गेला, आणि त्यानंतर आमच्या घरात समीरचं नावच निघेनासं झालं. ते मौन म्हणजे माझा विजय, असं समजण्याइतकी मी विदुषी होते. हे गेले, ते मौन सोबत घेऊनच.

परवा लेकीच्या मुलीला घेऊन नव्या स्टेडियमला गेले. जुन्या विटा जपून इथे बसवल्या आहेत. गुडघे कुरकुरत असताना वाकून वाचत गेले: कुणाचे आजोबा, कुणाची बायको, कुणाचा चक्क कुत्रा! कुत्र्याला जागा मिळाली. माझ्या मुलाला मी मिळू दिली नाही.

दाराजवळ एक वीट कोरी होती. नातीच्या पिशवीतला निळा खडू मागून घेतला आणि चोरासारखं इकडेतिकडे बघत त्याचं नाव लिहिलं.

"आज्जी, व्हॉट डझ इट से?"

"समीर. तुझा मामा."

"आय हॅव अ मामा?"

उत्तर देईपर्यंत दारं उघडली, गर्दी लोटली. "आज्जी, दे आर स्टेपिंग ऑन हिम!" नात पुढे धावली; मी तिचा हात घट्ट धरला. ती निळी धूळ अनोळखी बुटांना लागून, तपासणीच्या कमानींतून, जिन्यांवरून, उन्हातल्या रांगारांगांत गेली. वीट पुन्हा कोरी झाली. आतून आरोळी उठली, आणि त्याला इतकी वर्षं दारातच अडवून धरणारी मी, बाहेर उभी राहून ऐकत राहिले.