हलका झालेला कॉम्प्युटर

आमचा जुना कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत माझी आंघोळ उरकायची. काल बायकोने त्यात एक हलकी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली आणि तो चटकन जागा झाला. तिने ब्रशने त्याची धूळ झटकली, पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "तापला नाहीस ना रे?"

इतक्या मायेने तिने मला शेवटचं कधी विचारलं होतं, आठवेना. मी म्हणालो, "जुने आम्हीही आहोत म्हटलं."

"त्याने नको ते सगळं काढू दिलं, म्हणून पळतोय. तुम्ही काढू देता का काही?"

माझ्यात काढण्यासारखं बरंच साठलंय, हे खरंच. पण या वयातही बायकोच्या हातासाठी एका पत्र्याच्या डब्याचा हेवा वाटतो, तेवढा मात्र मी काढू देणार नाही.