ईस्टरची प्रभातफेरी आणि माझे पाय

तुम्ही हसणार, माहीत आहे मला. हसा! पण एक अट आहे, माझ्या बायकोसमोर हा विषय काढायचा नाही. रूथ हा किस्सा सांगायला लागली की दर वेळी त्यात मी आणखी थोडा बावळट होतो. त्यापेक्षा मीच सांगतो, चहा गार व्हायच्या आत.

मला तंद्री लागते. लहानपणापासूनचा रोग आहे. एकदा भाजी आणायला म्हणून निघालो आणि पिशवी हलवत थेट ऑफिसात पोचलो. रविवार होता! वॉचमननं विचारलं, "साहेब, चावी देऊ का?" आणि मी घेतलीसुद्धा.

अशा माणसानं चर्चच्या मीटिंगमध्ये हात वर करावा का? पण केला.

त्याचं असं झालं. ईस्टरच्या पहाटे आमची मंडळी गाणी म्हणत प्रभातफेरी काढते. वाटेत म्हाताऱ्या-आजारी माणसांच्या खिडकीखाली थांबायचं, एक गीत म्हणायचं, "प्रभू उठला आहे!" असं ओरडायचं. वरून "खरोखर उठला आहे!" असं उत्तर आलं की पुढे. या फेरीत सगळ्यांच्या पुढे कोण असायचं? मार्थामावशी. तिनं जन्मभर संडेस्कूल शिकवलं, अर्ध्या चर्चचे कान पिळलेत, माझे तर दोन्ही. आवाज असा की पहिल्या ओळीलाच गल्ली जागी.

यंदा मावशी घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. लेकीच्या नव्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये खाटेवर पडून होती. मी औषधं द्यायला गेलो तर माझा हात धरून म्हणाली, "मले येता येत नाही, तर फेरीच माझ्या खिडकीखाली आण. पुढच्या ईस्टरले मी असन का नसन."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं हो. म्हटलं, "मावशी, मी स्वतः पुढं राहतो."

नवं घर पाहिलेला मी एकटाच. चर्चच्या मीटिंगमध्ये पाळकसाहेबांनी दोनदा विचारलं, "सुधीरभाऊ, पक्कं नं? तिकडच्या गल्ल्या सारख्याच दिसतात."

"साहेब, डोळे मिटून नेतो!"

आणि बघा, अगदी तसंच नेलं.

पहाटे साडेपाचला निघालो. मी पुढे, हातात बॅनर. मागे चाळीसेक माणसं, ढोलकी, टाळ. एप्रिलमधलं आपलं नागपूर तुम्हाला ठाऊकच आहे, दिवसभर भट्टी. पण ती पहाटेची एक घटका काय असते, सांगू! धरमपेठेतल्या त्या झाडांखालून कडुनिंबाच्या मोहोराचा वास येत होता. कुठेतरी कोकिळा. आकाश धुतलेल्या दुपट्ट्यासारखं फिकं निळं. मागून ते गाणं येत होतं आणि मी, काय सांगू, हळूहळू त्यात विरघळत गेलो.

मी त्या पहिल्या ईस्टरच्या पहाटेतच शिरलो. बाया सुगंधी द्रव्यं घेऊन प्रभूच्या कबरेकडे चालल्या आहेत. त्यांच्यामागून मी, हातात आमच्याच चर्चचं बॅनर. धोंड बाजूला लोटलेली. पांढऱ्या कपड्यातला देवदूत मला विचारतो, "काय गा भाऊ, कोणाकडं?" मी नुसता हसतो. इतकं शांत मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"अजून किती दूर आहे, भाऊ?" हे देवदूत नव्हते, पाळकसाहेब होते.

"आलंच, साहेब."

रूथ म्हणते, हे मी तीनदा म्हणालो. मला एकदाचंही आठवत नाही.

मग माझे पाय आपोआप थांबले. मी हात वर केला. "हेच घर!" म्हणालो आणि डोळे मिटून घेतले.

मंडळींनी असा काही सूर लावला! वर दुसऱ्या मजल्यावर खिडकी उघडल्याचा आवाज आला.

"मावशी आली! खिडकीत आली!"

"अरे, उभी आहे! आपल्या पायावर उभी आहे!"

"हालेलूया! मोडलेलं हाड जुळलं!"

"टाळ्या वाजवून राहिली, बापा!"

माझ्यामागे कोणीतरी हुंदके देत होतं. ढोलकी तर वेडीच झाली. माझ्या मनात आलं, माझ्यासारख्या तंद्रीबहाद्दराच्या हातून देवानं आज चमत्कार घडवला. डोळे उघडायची हिंमत होत नव्हती. पाळकसाहेबांनी थरथरत्या आवाजात प्रार्थना सुरू केली, "हे प्रभू, या बहिणीच्या खुब्यासाठी आम्ही तुझे आभार मानतो..."

तर वरून आवाज, "गुडघ्यासाठी बी म्हणा नं, भाऊ! डावा बहुत दुखते!"

रूथनं माझा दंड धरला. "अहो, हा मावशीचा आवाज नाही."

आणि माझ्या अगदी कानाशी दुसरा आवाज, "भाऊ, तर्री जास्त टाकू नं? नेहमीसारखी?"

मी डोळे उघडले. समोर बंडूभाऊचा पोह्याचा ठेला! रोज सकाळी फिरून झालं की मी जिथे झणझणीत रस्सा ओतलेले तर्री-पोहे खातो, तोच. वरच्या खिडकीत डोक्यावरून शाल घेतलेल्या एक अनोळखी आजीबाई, दोन्ही हात जोडून उभ्या. अंधुक उजेडात खालून कोणाला काय कळणार?

"मावशीचं घर कुठं आहे?" साहेबांनी हळूच विचारलं.

"दोन किलोमीटर... मागं."

"चाळीस माणसं घेऊन नाश्त्याले आले का तुम्ही?" रूथ सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली.

बरं, पळावं तर आजीबाई जिना उतरून हजर. "माझ्या दारात असं कोणी गायलं नाही आजवर. खाल्ल्याबिगर जाऊ देत नाही!" बंडूभाऊला हाक मारून त्यांनी चाळीस प्लेटा सांगितल्या. साहेबांनाही नाही म्हणवेना. सगळे फुंकर मारत तर्री ओरपत होते आणि माझ्या घशाखाली पोह्याचा दाणा उतरत नव्हता. तिकडे मावशी खाटेवरून मान वळवून खिडकीकडे बघत असेल, दर आवाजाला कान टवकारत असेल. एवढी एकच गोष्ट मागितली होती तिनं, तीही माझ्याकडे! स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

धापा टाकत मावशीच्या घराखाली पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. वर बघतो तर खिडकी बंद!

ढोलकी थांबली. मी दोन-दोन पायऱ्या चढत वर धावलो. लेकीनं दार उघडलं.

"ताई, मावशी..."

"झोपली आहे," ती म्हणाली. आतून दणदणीत घोरणं ऐकू येत होतं.

मावशीला उठवली, उशीला टेकवून बसवली, खिडकी उघडली. खालून गाणं सुरू झालं तसा तिनंही सूर धरला. फाटलेला, पण सगळ्यांच्या वर. "प्रभू उठला आहे!" म्हटल्यावर तिनं जे उत्तर दिलं, ते कोपऱ्यावरच्या दूधवाल्यानंही वळून ऐकलं. मी तिच्या खाटेशी बसून लहान पोरासारखा रडलो.

"मावशी, माफ कर. पहाटेपासून वाट पाहून दमली असशील."

"कायची वाट?" मावशी डोळे पुसत म्हणाली. "तू पुढं राहणार म्हणाला, तवाच मी पोरीले आठचा गजर लावाले सांगितलं. तू तर पंधरा मिनिटं लवकरच आला, लेका!"