डब्याची मागची बाजू

कोणताही डबा हातात आला की इनास सर तो आधी उलटा फिरवत. बिस्किटांचा पुडा असो की खोकल्याचे औषध, पुढचे रंगीत चित्र ते पाहतच नसत. चष्मा कपाळावर सरकवून मागची बारीक अक्षरे वाचून झाल्याशिवाय त्यांचे मत तयार होत नसे. "चित्र छापायला शाई पुरते, बाई," ते म्हणत. "मागचं खरं लिहायला हिंमत लागते."

आम्ही दोघे एकाच शाळेत विज्ञान शिकवत होतो. प्रयोगशाळा एकच होती आणि तिच्या दोन किल्ल्यांपैकी एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे असे. निवृत्तीनंतर नंदाखाल गावातल्या घरी त्यांनी लेपर्ड गेको पाळल्या. ही पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेली, जाड शेपटीची परदेशी पाल. घरातल्या पालीला पापण्या नसतात. हिला असतात, त्यामुळे ती माणसासारखी डोळे मिटून झोपते. माझी मुलगी शिकायला परदेशी गेली आणि तिची गेको माझ्याकडे राहिली. ठिपके मिरपूड शिंपडल्यासारखे, म्हणून तिचे नाव मिरी. हे जनावर सांभाळायचे कसे, हे मी सरांकडूनच शिकले.

रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपला की त्यांच्या ओटीवर गेको पाळणाऱ्यांचा वर्गच भरे. सर शिकवत, "आपण खायला देतो त्या रातकिड्याच्या अंगात कॅल्शियम नसल्यातच जमा. म्हणून तो भुकटीत घोळवून द्यायचा. डबा घेताना आधी फॉस्फरस पाहा. असेल, तर डबा परत ठेवा. साधं कॅल्शियम रोजच्यासाठी. डी-थ्री जीवनसत्त्व घातलेलं अधूनमधून. जीवनसत्त्वांची भुकटी वेगळी, आणि तिच्यात तयार 'ए' हवं. गाजरातून ते गेकोला बनवता येत नाही, तेव्हा गाजराचं चित्र बघून भुलू नका."

डी-थ्री कशाला, असे कुणी विचारले की उत्तर ठरलेले असे. "कॅल्शियम म्हणजे विटा. डी-थ्री म्हणजे गवंडी. गवंडी नसेल तर विटा नुसत्या पडून राहतात. गवंडी जास्त झाले तर नको तिथे भिंती उठतात, मूत्रपिंडातसुद्धा. म्हणून नखावर मावेल एवढीच चिमूट."

चांगली भुकटी इथल्या दुकानांत मिळत नसे. सर ती बाहेरून मागवत आणि लहान बाटल्यांत भरून आम्हा सर्वांना देत. त्या बाटल्यांवर मागची अक्षरे नव्हती. सरांचा हात होता, तेवढे मला पुरेसे होते.

नालासोपाऱ्याची रेश्मा वर्गात सर्वांत बेशिस्त. "चिमटीने काय होतंय, मिस? मी तर डायरेक्ट दोन चमचे टाकते. माझा शेरू बघा, कसला टणटणीत आहे!"

"प्रमाण म्हणजे प्रमाण, रेश्मा," मी तिला सुनावले. सर समाधानाने हसले आणि सगळ्यांना म्हणाले, "मोजायचं कसं, ते बाईंकडून शिका."

मिरी अंडी घालू लागली आणि काही महिन्यांत तिचा नेम चुकू लागला. समोरचा रातकिडा तिच्या तोंडातून निसटे. मग पुढचा एक पाय बाहेरच्या बाजूला वाकला. प्राण्यांच्या डॉक्टरांनी तिचा खालचा जबडा बोटाने हलकेच दाबला. तो रबरासारखा लवला.

"कॅल्शियम देता का?"

"नियमित. सांगितलेल्या प्रमाणात."

"मग जे देता, ते एकदा नीट तपासा."

घरी येऊन मी बाटली उजेडात धरली. तळाशी बारीक जाळी धरली होती, जुन्या पिठात धरते तशी. कॅल्शियमला जाळी धरत नाही. मी चिमूटभर भुकटी बशीत घेऊन तिच्यावर आयोडीनचा थेंब टाकला. सातवीच्या मुलांना आम्ही दोघांनी हा प्रयोग वर्षानुवर्षे दाखवला होता. थेंब निळाकाळा झाला.

त्या रविवारी मी इतरांना जाऊ दिले आणि बाटली सरांपुढे ठेवली. त्यांनी ती उलटी फिरवली नाही.

"तांदळाचं पीठ आहे," ते शांतपणे म्हणाले. "भाजलेलं. निम्मं."

"का, सर?"

"कारण तुम्ही लोक मायेनं मारता, बाई. एकाची गेको डी-थ्री जास्त होऊन गेली. चिमूट सांगितली की लोक चमचा घालतात. म्हणून मी आधीच निम्मं करून देतो. ती रेश्मा दोन चमचे घालते. तिचा शेरू पिठामुळेच जिवंत आहे."

"आणि मी? मी कधी चमचा घातला?"

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. नंतर म्हणाले, "एकाच परातीत कालवतो सगळं. तुमचं वेगळं काढायचं सुचलं नाही."

मिरीचा जबडा हळूहळू घट्ट झाला. पाय वाकडाच राहिला. ज्यांनी सरांचे ऐकले नाही, त्यांची जनावरे धडधाकट होती. ऐकणारी मी एकटी होते. त्यानंतर मी बंद डबे स्वतः मागवू लागले आणि नंदाखालला जाणे सोडले. सरांनी दोनदा फोन केला. मी मिरीची प्रकृती सांगितली; त्यापलीकडे बोलण्यासारखे माझ्याकडे काही उरले नव्हते.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात सर वारले. मी मातीला गेले, तेव्हा त्यांच्या पत्नीने मला आतल्या खोलीत नेले. तिथे त्यांच्या दोन गेको होत्या. "तुमच्याकडेच द्यायला सांगून गेलेत, बाय. म्हणाले, बाई बरोबर मोजतील." काचेच्या पेट्यांशेजारी सरांची स्वतःची बाटली होती, अलीकडेच भरलेली.

दोन्ही गेको आणि ती बाटली घेऊन घरी आल्यावर मी बाटलीतली भुकटी बशीत घेतली आणि तिच्यावर आयोडीनचा थेंब टाकला. बराच वेळ पाहत उभी राहिले. थेंब तपकिरीच राहिला. स्वतःच्या बाटलीत सर पीठ कालवत नव्हते.

मी नखावर मावेल एवढी चिमूट घेतली, रातकिडे घोळवले. सरांच्या दोन्ही गेको काचेशी येऊन थांबल्या होत्या. पहिला रातकिडा मी मिरीला दिला.