रंग आतून मारायचा असतो

मंडळी, आज आटलेल्या तलावात आमच्या रिमोटच्या गाड्यांची शर्यत झाली. माझी गाडी दगडावर आपटून कोलांट्या खात पडली.

मित्र सलीम ओरडला, "गया तेरा रंग!"

मी धूळ पुसली. पारदर्शक प्लास्टिकच्या बॉडीवर ओरखडे होते, पण रंग शाबूत. कारण तो मी आतून मारलाय: आधी काळे पट्टे, मग लाल, शेवटी पांढरा; आतून मारताना पहिला रंगच बाहेरून वर दिसतो. सलीमनं बाहेरून मारलेला, त्याचे पापुद्रे निघाले.

रंग नीट धरावा म्हणून आधी बॉडी साबणानं धुतली, तवा आई भडकली होती, "नळ आठ दिवसांनी येतो अन् तू खेळणं धुतो?"

आज तिनं ओरखडे चाचपून पाहिले. म्हणाली, "सलीमची गाडी बी धुऊन दे. पाणी त्याला घरून आणू दे."

तर शिकायचंय कुणाला? खुशाल या. बादली भरून आणा.