अण्णांची रांजणवाडी

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर रांजणवाडी आली तेव्हा घरात कुणी फार मनावर घेतलं नाही. मेंढरं विकून आम्ही पडेगावला राहायला आलो त्याला बरीच वर्षं झाली होती. अण्णा एका गोदामावर वॉचमन होते. ड्युटीवर जायच्या आधी आई स्वच्छ फडकं गरम पाण्यात बुडवून, पिळून, आपल्या मनगटाला लावून बघायची आणि त्यांच्या मिटल्या डोळ्यावर धरायची. अण्णा मान वर करून गुमान बसायचे. सूज उतरली. बारीक गाठ तेवढी राहिली.

काही महिन्यांनी तिथंच पुन्हा सुजलं. पुन्हा शेक. पुढं त्या जागचे पापणीचे केसही गळाले, तेव्हा मी त्यांना उस्मानपुऱ्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी पापणी उलटवून बराच वेळ पाहिलं, गाठीचा तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला. तो आतपर्यंत गेला होता. डोळा काढावा लागणार होता.

अण्णांनी एवढंच विचारलं, “जीव राहतो ना?”

“राहील.”

“मग घ्या काढून.”

आई मात्र विचारत होती, “मी शेकत बसले, त्यानंच वाढलं का हो?”

शेकल्यानं असं होत नाही, असं डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं. तिनं मान हलवली. पण त्यानंतर तिनं घरगुती औषधपाणी सोडूनच दिलं. ओव्याची पुरचुंडी नाही, हळदीचं दूध नाही. साधी ठेच लागली तरी म्हणायची, “दवाखान्यात जा.”

गेल्या थंडीत माझ्या मुलीला रांजणवाडी आली. डॉक्टर म्हणाले, साधीच आहे, शेका. आईनं फडकं पिळलं आणि तसंच हातात धरून उभी राहिली.

“मला नाय होत,” ती म्हणाली.

“आण इकडं,” अण्णा म्हणाले. एका डोळ्यानं त्यांना जवळचा अंदाज येत नाही. फडकं आधी मुलीच्या गालाला लागलं, मग कानशिलाला. तिनं आपला चेहराच सरकवून त्यांच्या हाताखाली आणला. आई आत निघून गेली.

मुलीचा डोळा बरा झाला. आईला सांगितलं तर म्हणाली, “तिथंच पुन्हा येती का, बघत राहा.”