जेवना हाताकडून

शिंदखेड्याच्या मिस्तरींच्या घरात सून कोणत्या हाताने जेवते, हे तिच्या सासऱ्यांना लग्नानंतर कित्येक वर्षे ठाऊक नव्हते. कुणी ते लपवले, असे म्हणता येत नाही. लीलाधर मिस्तरी, म्हणजे घरातले आबा, मुलगा अमृत याच्यासह ओसरीवर आधी जेवत. सासू तानुबाई आणि सून कोकिळाबाई मागाहून आत बसत. दोन्ही पंगतींच्या मध्ये भिंत होती. तानुबाईंना सगळे माहीत होते. त्यांना कुणी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

कोकिळाबाई रावेरच्या. वडील केळीच्या पॅकिंगवर होते. शाळेत बाईंनी त्यांचा डावा हात सोडवून उजव्यात पेन्सिल दिली. तो बदल लिहिण्यापुरताच टिकला. भाकरी त्या डाव्यानेच मोडत राहिल्या. सासरी आल्यावर तानुबाईंनी एकच बजावले, की पाहुण्यांना डाव्या हाताने वाढायचे नाही. कोकिळाबाईंनी ते पाळले. स्वतःच्या ताटाविषयी कसलाही नियम घालून दिला गेला नाही, म्हणून तो मोडलाही गेला नाही.

मिस्तरींच्या शेडमध्ये देव्हारे होत. कोकिळाबाई तिथे आधी झाडू घेऊन गेल्या, मग पॉलिश कागद घेऊन, मग पॉलिशचा बोळा घेऊन. अमृत धुळ्याला फर्निचरच्या कामांवर जाऊ लागला आणि आबांचे हात थरथरू लागले, तेव्हा देव्हाऱ्यांच्या कडांची नक्षी करायला कुणी उरले नाही. नक्षी राऊटरवर होत असे. राऊटर म्हणजे वेगाने फिरणाऱ्या कटरने लाकडाला गोलाई किंवा खाच पाडणारे यंत्र. ते हातात धरून चालवतात. नाहीतर टेबलाखाली उलटे टांगतात, कटर फळीच्या भोकातून वर काढतात आणि यंत्राऐवजी लाकूड सरकवतात. हातात धरायला राऊटर जड, म्हणून आबांनी जुन्या दरवाजाच्या फळीचे टेबल केले. अमृतने ते एकदा चालवून पाहिले. त्या दिवशी कोकिळाबाई रावेरला होत्या.

टेबल शिकण्याची इच्छा कोकिळाबाईंनी आबांपाशी थेट बोलून दाखवली नाही. त्या रोज टेबल पुसत राहिल्या. आबांना ते कळायला पावसाळा संपावा लागला.

शिकवणी तोंडीच झाली आणि सुरू झाली ती वायरपासून. कटर बदलताना पिन बोर्डातून काढून डोळ्यांसमोर ठेवायची. नुसते बटण बंद आहे, यावर विश्वास ठेवायचा नाही. कटरची दांडी तळापर्यंत खुपसून मग किंचित वर ओढायची आणि नंतर आवळायची. कटर मोठा, तर वेग कमी. एका दमात सगळे लाकूड खायचे नाही. थोडे थोडे, तीन-चार फेऱ्यांत. लाकूड मागच्या आडव्या पट्टीला टेकवून चालवायचे, पट्टी आणि कटर यांच्या मध्ये कधीच घालायचे नाही. बोट कटरजवळ न्यायचे नाही, त्यासाठी लाकडाचा ठोकळा वापरायचा. हातमोजे नकोत, लोंबते काही नको. कोकिळाबाई शेतात जाणाऱ्या बायका घालतात तसा नवऱ्याचा जुना शर्ट साडीवर घालत. त्याच्या बाह्या कोपराच्या वर दुमडल्या, पदर आत खोवला आणि बांगड्या काढून डब्यात ठेवल्या. बांगड्यांवरून तानुबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.

शेवटचा नियम दिशेचा. तो सांगताना आबांनी हात वर केला नाही, कारण हात कापतो हे दिसले असते.

"जेवना हातकडथून घालानं, दुसरा हातकडे काढानं. उलटं कधीच नही."

अहिराणी बोलणारी जुनी माणसे उजव्या हाताला जेवना हात म्हणतात. रावेरकडे कोकिळाबाईंच्या कानांवर हा शब्द पडला नव्हता. सासरच्या स्वयंपाकघरात त्यांनी फक्त 'डावा' ऐकला होता, तोही मनाईपुरता. त्यांनी शब्दाचा सरळ अर्थ घेतला: ज्या हाताने जेवायचे तो. शिवाय अमृत हातातला राऊटर फळीच्या कडेने डावीकडून उजवीकडे नेतो, हे त्यांनी अनेकदा पाहिले होते. आबांचा शब्द आणि अमृतचे काम ही दोन्ही प्रमाणे जुळत होती. शंका घ्यावी असे काही उरले नाही. यंत्र उलटे टांगले की दिशाही उलटते, एवढेच त्यांना ठाऊक नव्हते.

पहिल्या खऱ्या कामाच्या दिवशी आबा ओसरीवर होते. कोकिळाबाईंनी सगळे नियम क्रमाने पाळले. मग सागाची पट्टी डाव्या बाजूने घातली.

पट्टी त्यांच्या हातात राहिली नाही. कटरने ती स्वतःकडे ओढली आणि उजवीकडे भिरकावली. दारापाशी माठ होता; तो फुटला. पट्टी पुढे अंगणात गेली आणि तिथे थांबली. ठोकळा कटरवर घसरला आणि त्याचा एक कोपरा गेला. बोटे ठोकळ्याच्या मागे होती, म्हणून दहाची दहा राहिली. कोकिळाबाईंनी मशीन बंद केले, पिन काढली, डोळ्यांसमोर ठेवली आणि मग खाली बसल्या.

अमृत त्या दिवशी घरीच होता. तो आधी बायकोची बोटे पाहून आला, मग माठाच्या खापऱ्या, मग ठोकळ्याचा कोपरा. त्याने आवाज चढवला नाही. धुळ्यातला चुलतभाऊ जीवन बरेच दिवस टेबल मागत होता. अमृतने त्याला फोन करून टेम्पो संध्याकाळी पाठवायला सांगितले. टेबल गेले की कोकिळाबाईंकडे पुन्हा झाडू आणि पॉलिश कागद उरणार होते. हे अमृतलाही समजत होते. त्याचे म्हणणे एवढेच होते, की झाडूने बोट जात नाही.

आबा आता शेडमधल्या बाजेवर येऊन बसले होते. आपण दिशा बरोबर सांगितली होती, हे त्यांनी अमृतला पुनःपुन्हा सांगितले. सांगितली तशीच केली, असे कोकिळाबाई म्हणत होत्या. दोघांपैकी एकाचे खोटे असले पाहिजे, असे अमृतने ठरवले आणि वडिलांविषयी तसे म्हणता येत नसल्याने त्याचा निष्कर्ष आपोआप निघाला.

"बठ्ठं मी बरोबर सांगं व्हतं," आबा पुटपुटले. ही तक्रार कुणाविरुद्ध होती, ते त्यांनाही ठरवता आले नसावे.

दुपार टळली तरी कोकिळाबाई शेडमधून हलल्या नाहीत. भुसा गोळा करून झाला होता. त्या तोच पुन्हा गोळा करत होत्या. शेवटी तानुबाई कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या, ताट सुनेपुढे ठेवले आणि जेवल्याशिवाय उठायचे नाही म्हणून तिथेच बसल्या. समोर सासरे होते. कोकिळाबाईंनी जरा पाठ वळवली, पण शेड लहान होती.

आबांनी पहिला घास पाहिला. दुसराही पाहिला. तिसऱ्याला ते बाजेवरून उठले.

"कोकिळा, तू कोनता हातघाई जेवस?"

कोकिळाबाईंचा घास ताटात परतला. इतक्या वर्षांनी हा प्रश्न निघावा आणि तोही आजच, याचा त्यांना संताप आला. पण सासऱ्यांसमोर संताप दाखवायची त्यांची रीत नव्हती. त्यांनी डावा हात किंचित वर केला.

"आणि लाकूड?"

"याच हाताकडून, आबा. तुम्ही जेवणाऱ्या हाताकडून म्हणाले."

आबा टेबलापाशी गेले. एकदा उजवीकडे पाहिले, एकदा डावीकडे. मग बायकोकडे वळले. हे तिला माहीत होते का, एवढेच त्यांनी विचारले.

तानुबाईंनी पदर नीट केला. "तुम्ही कधी इचारं? घरनी गोष्ट ओटावर कसाले लयानी."

अमृतला बोलावून सगळे सांगण्यात आले. त्याने ऐकले आणि म्हणाला, की मग तर आणखीच धोका. डावखुऱ्या माणसाने हे टेबल चालवूच नये. यंत्र उजव्या माणसांसाठी केलेले असते.

"यंत्रले काय ठाऊक कोन कसं जेवस," आबा म्हणाले. "चूक मन्हा शब्दनी शे. तिन्हा हातनी नही."

अमृतने टेम्पो मात्र थांबवला नाही. टेम्पो निघाल्याचा जीवनचा फोन मघाशीच आला होता. कोकिळाबाईंनी हात धुतला आणि टेबलापाशी उभ्या राहिल्या. पिन अजून बाहेरच होती. त्यांनी कटर बोटाने हळू फिरवून त्याचे दात कुठे पाहतात ते पाहिले. हातातला राऊटर वरून पाहिला की घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. टेबलाखाली टांगल्यावर वरून दिसणारे फिरणे उलटे होते. आपल्या बाजूचा दात डावीकडून उजवीकडे धावतो. म्हणजे लाकूड उजवीकडून, दाताच्या तोंडावर गेले पाहिजे. दाताच्या मागून गेले, तर तो ओढून नेतो. सकाळी त्याने तेच केले होते. आबा कोणत्या बाजूने म्हणाले, हे त्यांना मघाशी समजले होते; का म्हणाले, हे आता कळले.

ठोकळा नवा घेतला. कटर खाली उतरवला, जेमतेम नखाएवढा वर ठेवला. मशीन सुरू केले आणि देव्हाऱ्याच्या पाटाची आखूड, लाकडाच्या रेषा आडव्या कापल्या जाणारी बाजू आधी घेतली, कारण तिथे शेवटी जो ढलपा निघतो तो पुढच्या लांब बाजूच्या फेरीत साफ होतो. हेही आबांनीच सांगितले होते, पण सकाळी तिथपर्यंत वेळच आली नव्हती. पाट उजवीकडून गेला. यंत्राने विरोध केला, जेवढा करायला हवा तेवढाच. दुसऱ्या फेरीला कटर थोडा वर, तिसऱ्याला आणखी थोडा. अमृत हाताची घडी घालून उभा होता. तिसऱ्या फेरीनंतर घडी सुटली होती. नेमकी केव्हा, ते कुणी पाहिले नाही.

मशीन थांबल्यावर त्याने पाटाच्या कडेवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग अंगणात येऊन थांबलेल्या टेम्पोवाल्याला काय सांगायचे, असे वडिलांना विचारले.

 दिशा सांगायला आबांना हातांवर भरवसा उरला नव्हता, कुणाच्याच. त्यांनी दाराकडे बोट दाखवले, मग समोरच्या भिंतीकडे. ते बोट कापत होते, पण दिशा स्पष्ट होती.

"आजपासून हाऊ नियम. दारकडथून घालानं, भितकडे काढानं."

कोकिळाबाईंच्या लगेच लक्षात आले, की हा नियम टेबल इथे असेतोवरच खरा आहे. जागा बदलली, फिरवून ठेवले किंवा धुळ्याला नेले, की दार भलतीकडे येईल आणि नियम सकाळच्यासारखा चुकेल. कटरच्या दातांचा हिशेब त्यांना आता येत होता. त्यांना स्वतःला ना दार लागणार होते, ना भिंत. त्यांनी तोंडातून ते निघू दिले नाही. फक्त एवढे म्हणाल्या, की मग टेबल हलता कामा नये, आबा.

आबांना ते तंतोतंत पटले. अमृतने टेम्पोवाल्याला तसेच सांगितले: टेबल हलवता येत नाही, त्याच्या दिशा ठरल्या आहेत. टेम्पोवाल्याला हे कितपत समजले, ते सांगणे कठीण आहे. तो चहा पिऊन रिकामा परत गेला. कोकिळाबाईंनी बांधकामातून उरलेले सिमेंट घमेल्यात कालवले आणि उजेड होता तोवर टेबलाचे चारही पाय जमिनीत पक्के केले.